गुरुवारचं तळण

तेल तापलं आणि माझ्या पोटात ढवळून आलं. मी छोट्या पडद्यासमोर बसले होते आणि दिग्दर्शिका होते; निदान कागदोपत्री तरी होते. अशा वेळी दिग्दर्शिकेनं 'तयार?' असं विचारायचं असतं. मी विचारलं नाही. नाकानं श्वास घ्यायचा नाही असं ठरवून मी तोंडानं घेतला, तर वास जिभेवर येऊन बसला, आणि ते नाकापेक्षा वाईट निघालं. जुनं, एकदा वापरून गाळलेलं सूर्यफुलाचं तेल. सामान मांडणाऱ्या पोरीनं ते मुद्दाम कुठल्याशा खानावळीतून आणलं होतं, खरं वाटावं म्हणून. खरं वाटावं म्हणून या लोकांनी बरंच काही केलं होतं. बिश्केकमधल्या त्या भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, त्यांनी मॉस्कोतलं आमचं घर उभं केलं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या, खिडकीत दोरी, दोरीवर बायकांचे कपडे, दारात बुटांचा ढीग, आणि सगळ्यावर थोडी थोडी घाण, केकवर साखर भुरभुरावी तशी बेतानं टाकलेली. मॉस्कोत आम्ही दहा-अकरा बायका एका खोलीत राहायचो आणि ती खोली लख्ख ठेवायचो, कारण दिवसभर दुसऱ्यांची घाण काढून आलेल्या बाईला घरी आणखी घाण बघवत नाही. हे मी एर्मेकला सांगितलं होतं. तो म्हणाला, "एजे, लख्ख घर दाखवलं तर लोकांना वाटेल तुमचं तिथे बरं चाललं होतं."

एर्मेक मला एजे म्हणतो, म्हणजे ताई. वयानं लहान आहे, युरोपात सिनेमा शिकून आलाय, आणि बाहेरगावी राबून आलेल्या बायकांना आपापली फिल्म करायला शिकवतो. मी ज्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते तिथल्या भिंतीवर त्याच्या कार्यशाळेचा कागद चिकटवलेला होता: 'तुमचा अनुभव, तुमचा आवाज'. पहिल्या दिवशी आम्ही बायका खुर्च्यांचं कडं करून बसलो आणि एकेकीनं आपला अनुभव सांगितला. अनुभव हा शब्द तिथे इतक्या वेळा ऐकला की तो चघळून चोथा झालेल्या च्युइंगमसारखा वाटायला लागला. एकीचा हात यंत्रात गेला होता, एकीला मालकानं कोंडून ठेवलं होतं. एर्मेक प्रत्येकीचं ऐकताना डोळे बारीक करायचा आणि शेवटी म्हणायचा, हे सोनं आहे. कोंडून ठेवलेल्या बाईलाही तो तेच म्हणाला. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हटलं की माझ्याकडे सांगायला एक घास आहे. त्यानं डोळे बारीक केले. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं; पण कुणीतरी आपलं ऐकतंय याची एक लाचार गोडी असते, तिनं मला बसवून ठेवलं.

मॉस्कोत मी एका व्यायामशाळेची न्हाणीघरं धुवायचे. तिथे माझं नाव दाशा होतं. दमीरा म्हणायला त्यांना जड नव्हतं, पण दाशा म्हणायला काहीच लागत नाही. पाणी जायच्या जाळीत केस अडकायचे, पिवळे, काळे, लाल रंगवलेले, आणि त्या गुंतवळात साबणाचा बुळबुळीत पांढरा थर. ते बोटांनी उपसून पिशवीत भरायचे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा ओकले, नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते असं लोक कौतुकानं म्हणतात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. ती नोकरी मला उल्कान एजेनं लावून दिली होती. आमच्याच गावची, अत-बाशीची, आईची लहानपणापासूनची मैत्रीण. मी निघाले तेव्हा आईनं तिला फोनवर सांगितलं होतं, "पोरगी तुझ्या पदरात घालतेय." उल्कान एजेनंही पदरात घेतलं, खोटं कशाला बोलू. घर तिच्या नावावर भाड्यानं होतं, कागदपत्रं तीच करून द्यायची, आजारी बाईच्या छातीला मेंढीची चरबी तीच चोळायची. संध्याकाळी दस्तरखानावर, म्हणजे खाली अंथरलेल्या जेवणाच्या कापडाभोवती बसलं की, किटली फक्त तिच्या हातात असायची. ती प्रत्येकीच्या प्याल्यात घोटभरच चहा ओतायची, कारण थोडा ओतला की माणसाला पुन्हा मागता येतो, म्हणजे बैस, आणखी बैस. काठोकाठ भरून दिला की झालं, उठा आता. मला ती सगळ्यांत कमी ओतायची. मला वाटायचं, ही माझी आईच आहे इथली.

आणि गुरुवारी, मेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, ती तळायची. चौकोनी बोर्सोक, पिठाचे, उशीसारखे फुगलेले. तळणाचा वास मेलेल्यांचा आणि तळण जिवंतांचं, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. खाऊन झालं की दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे आणि म्हणायचं, पोहोचो, म्हणजे ज्याच्या नावानं तळलं त्याला पोहोचो. आधी ती कधीतरी तळायची, त्या हिवाळ्यात दर गुरुवारी तळायला लागली. तुम्हाला संशय कसा नाही आला, असं एर्मेकनं मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, जणू फिल्मला तिथे एक भोक होतं आणि ते मी बुजवून द्यायचं होतं. नाही आला. उल्कान एजेचा नवरा गेलेला होता. मला वाटलं, त्याच्यासाठी. मी त्याला लहानपणी पाहिला होता, दारू पिऊन बायकोला बदडणारा लांब मिशांचा माणूस, आणि तरीही त्या हिवाळ्यात मी दर गुरुवारी गरम बोर्सोक खाऊन, तेलकट तळवे चेहऱ्यावरून फिरवून त्याच्यासाठी मनापासून म्हणत होते, पोहोचो. सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मग खाली बघायच्या. त्या सगळ्यांना माहीत होतं. एक जण तर मला आपल्या ताटातले बोर्सोक उचलून द्यायची, "खा गं, तू खा, तू जास्त खा." मी खायचे. भूक असायची.

गावाकडे फोन केला की धाकटी बहीण जिपार उचलायची. आई झोपलीय. आई शेजारी गेलीय. आईचा घसा बसलाय, बोलवत नाहीये. एकदा मी हट्टच धरला तेव्हा मागून खोकला ऐकू आला, आईचाच, कोरडा, शेवटी शीळ वाजणारा, आणि माझा जीव भांड्यात पडला. खोकला काकूनं काढला होता. नंतर मला हे जिपारनंच सांगितलं, थोडं हसत, म्हणजे बघ आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं अशा सुरात. फोनभोवती बसून त्यांनी आधी दोन-तीनदा खोकून पाहिलं असेल, कुणीतरी म्हणालं असेल, नाही, अजून जरा खोल. या एका गोष्टीचा विचार आला की मला अजून तोंड धुवावंसं वाटतं. दूर देशात एकट्या असलेल्या माणसाला मरणाची बातमी देत नाहीत. तो परत आला की चार वडीलधारी जमून, त्याला मध्ये बसवून, शब्द जपून जपून सांगतात आणि त्याच्याबरोबर रडतात. चांगली रीत आहे. तिचा वापर किती ठिकाणी होतो ते मात्र मला मॉस्कोत कळलं. बातमी कळून मी गावी निघून गेले असते तर सीमेवर मला परत आत घेतलं नसतं, न्हाणीघरांची जागा मोकळी पडली असती, आणि मालकाला शब्द दिलेल्या उल्कान एजेला तोंड दाखवायला जागा उरली नसती. माया किती आणि हिशेब किती हे तिला स्वतःला तरी सांगता येईल का कोण जाणे. मला मायेचीच किळस जास्त येते. हिशेब निदान उघडा असतो.

मग वसंतात गावचा शेराली आला. नुकताच विमानतळावरून, पाठीवर पोतं, गालांवर अजून डोंगरातलं ऊन. तो गुरुवार होता. त्याला आत बोलावलं, चहा दिला, बोर्सोक पुढे केले. त्यानं एक खाल्ला, मग माझ्याकडे वळला, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि अगदी रीतसर, बाहेरून आलेल्या माणसानं म्हणावं तसं म्हणाला, "पोहोचो, दमीरा. तुझ्या आईला पोहोचो. चांगली बाई होती." त्याचं काही चुकलं नव्हतं. तळण चाललंय, लेक खातेय, म्हणजे लेकीला ठाऊक असणारच. आमच्यातला कुणीही हेच समजला असता. माझ्या तोंडात घास होता. अर्धा चावलेला, गरम, तेल सुटलेला. खोलीत कुणी हललं नाही. मला तो थुंकता येईना, अन्न कसं थुंकणार, आणि गिळता येईना, कारण आता मला कळलं होतं तो काय आहे आणि याआधीचे सगळे काय होते. मी त्या तोंडानं, तो घास गालात सारून, कसंबसं विचारलं, "कधी?" आणि उल्कान एजे म्हणाली, "आधी तोंडातलं गीळ. अन्न आहे."

मी गिळला. एवढाच माझा अनुभव, एवढीच मला फिल्म करायची होती: बायका, दस्तरखान, शेराली, घास. बोलणं जवळजवळ नाही. मी ते वहीच्या एका पानात लिहून दिलं तेव्हा एर्मेकला आवडलं होतं, तो उठून उभाच राहिला होता. मग हळूहळू सुरू झालं. "एजे, बाहेरच्या लोकांना तळणाचं कसं कळणार? त्यांना वाटेल नाश्ता चाललाय." मग, "एजे, वास पडद्यावर येत नाही हो." मग, "शेवटी कुणीतरी तुम्हाला जवळ घ्यायला हवं. नुसता घास गिळून लोक घरी कसे जातील?" मी म्हटलं, मी गेलेच ना. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मग त्यानं उल्कान एजेला शोधून काढलं. ती आता बिश्केकला लेकाकडे असते, समोरचे दात सोन्याचे करून घेतलेत. तिची भूमिका तिनंच करावी, यासारखं खरं दुसरं काय, असं एर्मेकचं म्हणणं. ती लगेच तयार झाली. "अगं दमिराश, मला सिनेमात बारीक दाखवा म्हणावं हं!" असं फोनवर म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "पण बातमी मी नीट सांगणार. शेराली गाढवासारखा बोलून गेला ते नको. लोक मला काय म्हणतील? माझ्या सुनेच्या माहेरचेही बघतील." एर्मेकनं नवीन प्रसंग लिहिला. त्यात शेराली नव्हताच. उल्कान एजे माझा हात हातात घेते, बातमी सांगते, आम्ही दोघी रडतो.

शूटिंगच्या त्या सकाळी माझी भूमिका करणारी मुलगी, बेगायिम, नाट्यशाळेतली, माझ्यापेक्षा कितीतरी देखणी, डोक्याला माझ्यासारखा रुमाल बांधून दस्तरखानावर बसली. तिच्यासमोर उल्कान एजे. मला वाटलं होतं कॅमेऱ्यासमोर तिची त-त-प-प होईल. कसलं काय. तिनं बेगायिमचे हात हातात घेतले, थोडा वेळ नुसते कुरवाळले आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या घरच्या धुराड्यातून आज धूर निघाला नाही. मी वाट बघितली, निघेल निघेल म्हणून. निघाला नाही गं." आणि डोळ्यांतून पाणी, खरं, ढळढळा. दिवे धरणारा पोऱ्या नाक ओढायला लागला. एर्मेकनं माझा खांदा दाबला. एवढं सुंदर सांगता येत होतं तिला. हे सगळं तिच्यापाशी होतं, त्या हिवाळ्यातही होतं, शब्दही आणि पाणीही, नीट घडी घालून ठेवलेलं, आणि मला तिनं दर गुरुवारी बोर्सोक वाढले. मला वाटलं मी रडेन. पण रडू येण्याऐवजी मी पुन्हा तोंडानं श्वास घ्यायला लागले.

"कट," एर्मेक म्हणाला. "एजे, तुम्ही म्हणायचं असतं कट. जाऊ दे, मी म्हटलं. अजून एकदा घेऊ." आणि तेवढ्यात मी बघितलं, बेगायिमनं कागदी रुमाल तोंडाशी धरला आणि तोंडातला बोर्सोक त्यात थुंकला. तिच्या मागे एक प्लॅस्टिकची बादली होती. ती बादली मी सकाळपासून बघत होते आणि मला वाटत होतं ती मॉस्कोतल्या घराच्या सामानातली. तिच्यात तसलेच चुरगळलेले रुमाल होते, ओले, पिवळट, काही उघडलेले, आत चावलेल्या पिठाचे लगदे.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"अहो एजे, प्रत्येक वेळी गिळलं तर संध्याकाळपर्यंत माझा रणगाडा होईल," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझं नाटक आहे. आम्ही सगळेच असं करतो. पडद्यावर नाही दिसत."

ती वाईट मुलगी नव्हती. मी तिच्याकडे आणि बादलीकडे बघत राहिले. तिला शिव्या द्याव्यात असं आलं मनात, पण खाली काहीतरी दुसरंच हललं, आणि ते मत्सरासारखं होतं. इतकं सोपं होतं तर. रुमाल धरायचा आणि थुंकायचं. माझ्या पोटात तो घास अजून आहे असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. मी कॉलर शिवताना, बसमध्ये, कुणाच्या लग्नात, कुठूनही तेल तापल्याचा वास आला की तो जागा होतो. आणि माझ्याच फिल्ममध्ये माझ्याच नावाची मुलगी तो थुंकत होती आणि वर पडद्यावर दिसत नव्हतं. मला एर्मेकची किळस आली, त्याच्या बारीक केलेल्या डोळ्यांची, त्या बेतानं टाकलेल्या घाणीची, दोरीवर सुकत घातलेल्या कोऱ्या कपड्यांची. सोनं, म्हणे. उल्कान एजे गादीवर पाय पसरून बसली होती, डोळे पुसून झाले होते, आणि परातीतले बोर्सोक एकामागून एक तोंडात टाकत होती. "तेल जुनं आहे गं," ती मला म्हणाली, "पण पीठ बरं मळलंय. तू नाही खात? वाळून गेलीस नुसती. मॉस्कोत बरी होतीस." तिच्या सोन्याच्या दातावर पिठाचा कण चिकटला होता.

दारावरची घंटा वाजली. दार उघडंच होतं. उंबऱ्याशी एक म्हातारी उभी होती, पांढरा रुमाल, घरातल्या मऊ चपला. खालच्या मजल्यावरची राप्या आपा, सकाळी आम्ही सामान वर नेत होतो तेव्हा तिनं वाट सोडली होती. जिना चढून तिला धाप लागली होती. तिनं दिव्यांकडे, तारांकडे बघितलंही नाही. सरळ आत आली, गादीच्या कडेला गुडघे मोडून बसली आणि दोन्ही तळवे वर करून थांबली.

"कुणाच्या नावानं तळलंय?" तिनं विचारलं.

"कुणाच्या नाही, आपा," एर्मेक म्हणाला. "इथे शूटिंग चाललंय. सिनेमाचं."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं खोटं. कुणी गेलेलं नाही."

म्हातारीनं हात खाली घेतले नाहीत. "आज गुरुवार आहे ना रे?" ती म्हणाली. "वास माझ्या घरात आला, तळमजल्यापर्यंत गेला. म्हणजे तिकडेही गेला. ते सगळे बिचारे उठून बसले असतील, आपल्याला कुणी बोलावलं म्हणून. आणि तू म्हणतोस कुणाचं नाही? ही काय थट्टा आहे?"

आज गुरुवार आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा. कुणी हललं नाही, आणि ती शांतता मी ओळखली. बेगायिम हातातला रुमाल कुठे लपवावा ते न कळून मुठीत दाबत होती. उल्कान एजे घाईघाईनं म्हणाली, "आपा, सिनेमावाली पोरं आहेत, त्यांना काय कळतंय, तुम्ही हा एक घ्या आणि," आणि बोलता बोलता सवयीनं तिनं आणखी एक तोंडात टाकला.

"माझ्या आईच्या नावानं," मी म्हटलं. "बुबुइराच्या. अत-बाशीच्या बुबुइराच्या नावानं तळलंय."

त्या सगळ्या हिवाळ्यात, त्या सगळ्या गुरुवारी, तळणासमोर हे नाव कुणी घेतलं नव्हतं, मी खोलीत असायचे म्हणून. आता ते उच्चारलं तर किती साधं निघालं. म्हातारीनं डोळे मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली. दिवे धरणाऱ्या पोऱ्यानं दिवा खाली ठेवला आणि तळवे उघडले. एर्मेकनंही उघडले, युरोपात शिकून आला तरी आईनं शिकवलेलं हातात असतं. मी उल्कान एजेकडे बघत होते. तिचा गाल फुगलेला होता आणि जबडा थांबला होता. चावणं अर्ध्यावर राहिलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तिला सगळं आठवतंय, शेराली, मी, माझा गाल, तिनं म्हटलेलं वाक्य. तिला थुंकता येत नव्हतं. गिळताही येत नव्हतं. एवढंच मला हवं होतं, एवढीच फिल्म. आणि कॅमेरा बंद होता, त्याच्या काचेवर झाकण लावलेलं होतं, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

"पोहोचो," म्हातारी म्हणाली. सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

"आधी तोंडातलं गिळा, एजे," मी म्हटलं. "अन्न आहे."

तिनं गिळला. गळ्यातून तो खाली जाताना दिसला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते सकाळच्यासारखं ढळढळा वाहिलं नाही, तिथेच राहिलं. मग मी एक बोर्सोक उचलला आणि खाल्ला. तेल जुनं होतं. तरी मी चावत राहिले, आईसाठी, आणि शेवटपर्यंत खाल्ला. मग मी दस्तरखानावरची किटली घेतली. आधी राप्या आपाला घोटभर ओतला. एर्मेकला घोटभर. मग उल्कान एजेचा प्याला घेतला आणि ओतत राहिले, अर्ध्याच्या वर, रंगवलेल्या फुलांच्या वर, पार काठापर्यंत, आणि दोन्ही हातांनी, रीतसर, तिच्यापुढे धरला.

"एजे, अहो, तो प्रसंग अजून एकदा घ्यायचाय," एर्मेक हलक्या आवाजात म्हणाला. "त्यांच्याशिवाय शेवट कसा करणार?"

मी प्याला तसाच धरून ठेवला. उल्कान एजेनं भरलेल्या प्याल्याकडे बघितलं. या बाबतीत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं स्वतः कितीतरी जणींना असा भरून दिला होता. तिनं प्याला हातात घेतला, एक घोट प्यायली, एक थेंबही न सांडता खाली ठेवला, रुमालाची गाठ घट्ट केली आणि उठली. दारातल्या त्या खोट्या बुटांच्या ढिगात तिला स्वतःचे बूट सापडायला बराच वेळ लागला.